थकबाकी आणि कसूर : आयकराच्या हप्त्यांची भाषा

१

शासनव्यवहाराच्या भाषेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा शब्दांपाशी सुरू होते आणि शब्दांपाशीच संपते. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघाले, आणि १९६२ च्या 'पदनाम कोशा'वरून पुष्कळ वादंग माजले. या दोन्ही प्रसंगी मुख्य प्रश्न एकच होता : शब्द कोणत्या कुळातला घ्यावयाचा, आणि तो बोजड आहे की सुबोध. शासकीय मजकुरात वाक्याची घडण कशी आहे, क्रियापदाचा कर्ता कोण आहे, कोणती गोष्ट सांगितली आहे व कोणती सांगावयाची राहून गेली आहे, या प्रश्नांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. वस्तुतः शासन आणि नागरिक यांचे नाते सुट्या शब्दांपेक्षा या गोष्टींतूनच अधिक स्पष्ट होते.

प्रस्तुत लेखात अशा एका लहानशा मजकुराचे परीक्षण करावयाचे आहे. आयकर अधिनियम, १९६१ याचे कलम २२० आणि १९६२ च्या आयकर नियमावलीतील मागणीच्या सूचनेचा नमुना क्रमांक ७, हा तो मजकूर होय. संसदेने १९६१ च्या अधिनियमाच्या जागी २०२५ चा नवा अधिनियम संमत केला असून त्याचा प्रारंभदिनांक १ एप्रिल २०२६ हा ठरविला आहे. तथापि साठ वर्षांहून अधिक काळ वैयक्तिक आयकराच्या थकबाकीची भाषा जुन्या मजकुरानेच घडविली, म्हणून परीक्षणासाठी तोच घेणे इष्ट वाटते.

हा मजकूर वाङ्मय नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु ज्या मजकुराच्या वाचनावर वाचकाचा पगार, बँकेतील शिल्लक आणि राहते घर अवलंबून असते, त्याच्या इतके काळजीपूर्वक वाचन दुसऱ्या कोणत्याही गद्याचे होत नसेल. प्रश्न असा आहे की, 'कर मला मान्य आहे, परंतु तो एकदम भरण्याची ऐपत आज माझ्याजवळ नाही' असे म्हणणाऱ्या मनुष्यासाठी या मजकुरात जागा आहे काय. आणि असल्यास ती त्याला दिसते काय?

२

प्रथम मराठीजवळ या विषयासाठी कोणती शब्दसंपत्ती आहे ते पाहू. 'थकबाकी' हा सामासिक शब्द दोन कुळींचा आहे. 'बाकी' अरबीतून आला. त्याचा अर्थ उरलेले. 'थकणे' हे क्रियापद प्राकृतातील 'थक्क' या धातूशी जोडलेले आहे, आणि त्याचा मूळचा अर्थ थांबणे, उभे राहणे असा आहे. 'थक्क होणे' या प्रयोगात तो अर्थ अद्याप जिवंत आहे. तेव्हा थकबाकी म्हणजे वाटेत थांबलेली बाकी. 'सारा थकला', 'भाडे थकले' असे आपण म्हणतो तेव्हा व्याकरणदृष्ट्या कर्ता रक्कम असते, मनुष्य नव्हे. त्या मनुष्याच्या हेतूविषयी हे वाक्य काहीही सांगत नाही.

हेतू सांगावयाचा झाल्यास मराठी दुसरी क्रियापदे वापरते. 'कर बुडविला' या वाक्यात कर्ता मनुष्य असतो आणि हेतू उघड असतो. 'कर चुकविला' यातही तसेच. येथे एक गमतीची गोष्ट लक्षात येते. 'चुकविणे' म्हणजे टाळणे. परंतु त्याच धातूपासून आलेले 'चुकते करणे' म्हणजे संपूर्ण फेडणे. हिंदीत 'कर चुकाना' म्हणजे कर भरणे. मराठीत 'कर चुकविणे' म्हणजे तो न भरणे. हिंदी पत्रकाचे मराठी रूपांतर घाईने करणाराने या ठिकाणी सावध असावे. एका प्रत्ययाच्या किंवा साहाय्यक क्रियापदाच्या फरकाने प्रामाणिक मनुष्य लबाड ठरतो.

तिसरी जोडी 'भरणे' आणि 'फेडणे' यांची. कर भरतात, कर्ज, नवस आणि पांग फेडतात. 'कर फेडला' असे सहसा कोणी म्हणत नाही. परंतु कराची थकबाकी झाली, तीवर व्याज सुरू झाले आणि ती हप्त्यांनी द्यावयाचे ठरले, की 'थकबाकी फेडली' हा प्रयोग सहज रूढ होतो. भाषेच्या या निवडीत एक जाणीव आहे : नागरिक आणि शासन यांचे नाते आता ऋणको आणि धनको यांचे झाले आहे. 'व्याज' या शब्दाचा संस्कृतातील अर्थ निमित्त, मिष किंवा कपट असा आहे, व 'व्याजस्तुती', 'व्याजोक्ती' या अलंकारांच्या नावांत तो टिकून राहिला आहे. मराठी कुळाच्या मनात सावकाराच्या व्याजाला जी छटा होती ती या व्युत्पत्तीपासून फार दूर नव्हती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता 'हप्ता'. फारसी 'हफ्त' म्हणजे सात. संस्कृत 'सप्त' याचेच ते भावंड. आठवड्याच्या अर्थावरून ठरावीक काळाने द्यावयाचा अंश, असा त्याचा अर्थविस्तार झाला. 'किस्त' हा अरबी शब्दही महसुली व्यवहारात चालत असे. त्याच्या मुळाशी वाटा आणि न्याय असे दोन्ही अर्थ आहेत. 'राज्यव्यवहारकोशा'ने कितीही संस्कृत पर्याय सुचविले तरी हप्ता, बाकी, वसूल, तगादा, जप्ती हे शब्द मराठीतून गेले नाहीत. शेतकऱ्याला 'तहकुबी' आणि 'सूट' यांतला भेद व्याकरण न शिकता कळतो : तहकुबीत सारा पुढे ढकलला जातो, सुटीत तो सोडून दिला जातो. अलीकडे पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की गावाला कोणत्या सवलती मिळावयाच्या, याची चर्चा चावडीवर होते. जमिनीच्या साऱ्याची ही परिभाषा लोकांच्या तोंडी आहे. आयकराची नाही; आणि तसे का झाले हे त्याच्या मजकुरावरून समजते.

३

कलम २२० चा आशय थोडक्यात असा. मागणीची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत रक्कम भरली पाहिजे. ती न भरल्यास प्रत्येक महिन्यास, किंवा महिन्याच्या भागास, शेकडा एक या दराने सरळ व्याज द्यावे लागते. ही मुदत संपण्यापूर्वी करदात्याने अर्ज केल्यास करनिर्धारण अधिकारी मुदत वाढवू शकतो, किंवा हप्त्यांनी रक्कम भरण्याची परवानगी देऊ शकतो. अटी कोणत्या घालावयाच्या हे त्या प्रकरणाची परिस्थिती पाहून तोच ठरवितो. व्याज या परवानगीमुळे थांबत नाही. मुदतीत रक्कम न भरणारा करदाता 'कसूरदार मानला जातो'.

येथे तीन भाषिक विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत.

पहिला विशेष क्रियापदाच्या अर्थाचा. इंग्रजी मजकुरातील एका साहाय्यक क्रियापदाला मराठीत निदान तीन पर्याय आहेत. 'अधिकारी परवानगी देऊ शकेल' यात सामर्थ्य आहे. 'अधिकाऱ्यास परवानगी देता येईल' यात केवळ शक्यता आहे. 'अधिकाऱ्याने परवानगी द्यावी' यात अपेक्षा आहे. मूळ मजकूर पहिल्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा आहे, तिसऱ्याच्या जवळही जात नाही. स्वेच्छाधिकार म्हणजे लहर नव्हे, हे न्यायतत्त्व प्रसिद्ध आहे. परंतु कोणत्या गोष्टी पाहून परवानगी द्यावयाची याचा एकही निकष या पोटकलमात सांगितलेला नाही. निकष सांगावयाचा नव्हताच असेही नाही. त्याच कलमात व्याज कमी करण्याविषयी किंवा माफ करण्याविषयी जे पोटकलम आहे त्यात तीन निकष स्पष्ट शब्दांत दिलेले आहेत : व्याज भरल्याने खरोखरीच हाल होतील अशी स्थिती असावी, कसूर करदात्याच्या आवाक्याबाहेरील कारणांनी घडलेली असावी, आणि चौकशीत व वसुलीत त्याने सहकार्य केलेले असावे. याचा अर्थ असा की माफीचे निकष कायद्याला मांडता आले. हप्त्यांचे निकष त्याने मांडले नाहीत.

दुसरा विशेष 'मानण्या'चा. 'कसूरदार मानला जातो' हे वाक्य वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही. ते वस्तुस्थिती निर्माण करते. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना 'मानीव अभिहस्तांतरण' या प्रयोगामुळे 'मानीव' हा शब्द आता परिचित झाला आहे. विकासकाने खत करून दिलेले नसले तरी कायदा ते दिल्यासारखे धरू शकतो. तेथे मानण्याची क्रिया दुर्बळ पक्षाच्या मदतीला येते. येथे तीच क्रिया त्याच्याविरुद्ध जाते. आणि नेमक्या याच ठिकाणी 'कसूर' हा शब्द मराठी कानाला खटकतो. 'त्याने प्रयत्नांत कसूर केली नाही' असे आपण म्हणतो. करता येण्यासारखे असून न करणे, हा मराठीत कसुरीचा अर्थ आहे. ज्याला करता येण्यासारखे नव्हते त्याला मराठी कसूरदार म्हणत नाही. त्याची बाकी 'थकली' एवढेच म्हणते. इंग्रजी शब्दाच्या जागी 'कसूर' योजताना असमर्थता आणि अनिच्छा यांतील हा भेद पुसला गेला. शब्द सुबोध असूनही अन्यायकारक ठरू शकतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

तिसरा विशेष काळाचा. हप्ते मंजूर झाल्यावर त्यांपैकी एखादा ठरलेल्या दिवशी भरला गेला नाही, तर करदाता उरलेल्या सर्व रकमेबाबत कसूरदार मानला जातो, आणि पुढचे सर्व हप्ते त्या चुकलेल्या हप्त्याच्याच तारखेला देय झाले होते असे धरले जाते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्याची मागणी १,२०,००० रुपयांची आहे आणि दरमहा १०,००० रुपयांचे बारा हप्ते त्याला मिळाले आहेत. पहिला हप्ता मूळ मुदतीत व पुढचे दरमहा वेळेवर भरले, तर उरत्या रकमेवर शेकडा एकप्रमाणे अकरा महिन्यांत एकूण ६,६०० रुपये व्याज होते. हा बोजा असह्य म्हणता येणार नाही. परंतु चार हप्ते भरून पाचवा चुकला, तर त्या एका दिवशी ८०,००० रुपये देय होतात. पुढच्या सात तारखा अद्याप उगवावयाच्या असतात. कायद्याच्या व्याकरणात मात्र त्या होऊन गेलेल्या असतात. भविष्यकाळाचा भूतकाळ करण्याचे हे सामर्थ्य कवीला असते असे आपण समजतो. महसुली गद्यालाही ते असते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. याचे परिणाम अगदी व्यावहारिक असतात. त्यानंतर थकलेल्या कराच्या रकमेइतका दंड, आणि जंगम व स्थावर मालमत्तेची जप्ती, पगारातून व बँकखात्यातून वसुली, प्रसंगी अटक, येथपर्यंतचा मार्ग मोकळा होतो.

४

आता नागरिकाच्या हाती प्रत्यक्ष पडणारा कागद पाहू. कलम फार थोडे लोक वाचतात. सूचना मात्र प्रत्येकजण वाचतो. नमुना क्रमांक ७ मध्ये देय रक्कम किती, ती किती दिवसांत व कोठे भरावयाची, न भरल्यास व्याज किती, दंड किती होऊ शकेल, वसुलीची कारवाई कोणत्या कलमांखाली होईल, आणि करनिर्धारण मान्य नसल्यास अपील कोणाकडे व किती दिवसांत करावयाचे, हे सर्व क्रमाने सांगितलेले आहे. रचनेच्या दृष्टीने हा मजकूर नेटका आहे. त्यात फापटपसारा नाही. परंतु हप्त्यांविषयी त्यात एक अक्षरही नाही.

या मौनाचा अर्थ काय होतो? सूचना वाचणाऱ्यापुढे तीन वाटा दिसतात : भरा, भांडा, किंवा भोगा. 'मान्य आहे, पण सवडीने' ही चौथी वाट कायद्यात असूनही कागदावर नाही. आणि ती केवळ तीस दिवसच उघडी असते. अर्ज मुदत संपण्यापूर्वीच करावा लागतो. तीस दिवस उलटल्यावर प्रकरण करवसुली अधिकाऱ्याकडे गेले, तर त्याला कलम २२५ प्रमाणे वेळ देण्याचा अधिकार आहे, व तो दिल्यास तेवढ्या काळापुरती वसुली थांबविणे त्याच्यावर बंधनकारक आहे. परंतु त्या पोटकलमात 'वेळ' हाच शब्द आहे. 'हप्ता' हा शब्द तेथे येत नाही. ज्या मनुष्याला उशिरा जाग आली त्याला मागावयाच्या गोष्टीचे नावही बदललेले आढळते.

नावाचा हा प्रश्न क्षुल्लक नाही. मुदतवाढ, हप्ते, अपील प्रलंबित असताना मिळणारी स्थगिती आणि व्याजाची माफी, या चार वेगवेगळ्या गोष्टी असून पहिल्या दोन एकाच पोटकलमात व उरलेल्या दोन वेगवेगळ्या पोटकलमांत आहेत. बोलीत मात्र चोहोंसाठी 'सवलत' हा एकच शब्द चालतो. 'सवलत मिळावी' असा अर्ज करणारा मनुष्य नेमके काय मागतो आहे हे अर्जावरून ठरत नाही, आणि जे मागितलेले नाही ते देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नसते. साऱ्याच्या बाबतीत 'तहकुबी' व 'सूट' यांतील भेद जपणारी भाषा आयकराच्या बाबतीत अशी मोघम का झाली? भेद दाखविणारे शब्द नागरिकापर्यंत पोहोचलेच नाहीत, हेच त्याचे मुख्य कारण दिसते.

या मौनामुळे एक विपरीत स्थिती उत्पन्न झाली. ज्याला कराची आकारणीच मान्य नाही व ज्याने अपील केले आहे, त्याच्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ साली एक ठरावीक प्रमाण घालून दिले : विवाद्य रकमेच्या शेकडा १५ भरल्यास सामान्यतः उरलेल्या रकमेची वसुली अपिलाच्या निकालापर्यंत स्थगित करावी. २०१७ साली हे प्रमाण शेकडा २० करण्यात आले. प्रमाण कमी की जास्त हा प्रश्न निराळा. परंतु ते लिखित आहे आणि अर्जदाराला ते आधी कळते. ज्याला आकारणी मान्य आहे आणि केवळ वेळ हवा आहे, त्याच्यासाठी अधिनियमात असे कोणतेही प्रमाण नाही. 'मी देणे लागत नाही' असे म्हणणाऱ्याला मोजमाप आहे. 'मी देणे लागतो' असे म्हणणाऱ्याला अधिकाऱ्याची मर्जी आहे. प्रामाणिक कबुलीचे असे मोल ज्या भाषेत होते, ती भाषा कबुलीला उत्तेजन देते असे म्हणता येणार नाही.

हप्त्यांची कल्पनाच आयकराला परकी आहे, असे समर्थन करता येणार नाही. अग्रिम कर चार हप्त्यांतच भरावयाचा असतो : १५ जूनपर्यंत शेकडा १५, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण. कर देय होण्यापूर्वीच्या हप्त्यांचे वेळापत्रक कायदा तारखेनिशी सांगतो. कर थकल्यानंतरच्या हप्त्यांविषयी तो 'योग्य वाटतील त्या अटी' एवढेच म्हणतो. तोच शब्द एकीकडे कर्तव्य दर्शवितो, दुसरीकडे कृपा.

५

ही कृपेची भाषा अटळ आहे काय? दोन उदाहरणे तसे नसल्याचे दाखवितात.

पहिले आपल्याच इतिहासातले. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांचा आरंभ सुपे येथे झाला आणि त्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांजवळच्या कर्जरोख्यांवर होता. कागदावरच्या मजकुराचे सामर्थ्य त्या निरक्षर शेतकऱ्यांनी चांगले ओळखले होते. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो साह्यकारी कायदा झाला त्यात, हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी फेडण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. येथे हप्ते बांधून देणारा हा धनको व ऋणको या दोहोंहून निराळा, तिसरा पक्ष होता. आयकराच्या बाबतीत शासन स्वतःच धनको आहे, आणि हप्ते बांधून देणारा अधिकारीही शासनाचाच आहे. ज्या तत्त्वाने शासनाने सावकाराला मर्यादा घातली, ते तत्त्व स्वतःला लावताना त्याची भाषा अधिक जपून बोलते.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. तेथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना ते अनुभवाने ठाऊक असेल. अमेरिकेच्या महसूल संहितेतील कलम ६१५९ या व्यवस्थेला 'परवानगी' न म्हणता 'करार' म्हणते. करार म्हटला की दोन पक्ष आले आणि दोघांवरही बंधन आले. व्यक्तीची मूळ कराची थकबाकी दहा हजार डॉलरांपर्यंत असेल, मागील पाच वर्षांत तिने विवरणपत्रे व कर यांबाबत चूक केलेली नसेल व असा करार केलेला नसेल, आणि तीन वर्षांत सर्व फेडण्याची तिची तयारी असेल, तर करार करणे महसूल खात्यावर बंधनकारक आहे. तेथे क्रियापद शक्यतेचे नसून कर्तव्याचे आहे. हप्ता चुकल्यास करार मोडता येतो. परंतु वसुली धोक्यात आल्याचा प्रसंग सोडल्यास, त्यासाठी तीस दिवस आधी सूचना देऊन कारण सांगावे लागते. ही भाषाही इंग्रजीच आहे. तेव्हा आपल्या मजकुरातील दोष इंग्रजीच्या माथी मारता येत नाही. तो मसुदा रचणाऱ्याच्या दृष्टीचा आहे. अमेरिकेची सर्व पद्धती अनुकरणीय आहे असे येथे सुचवावयाचे नाही. व्याज व दंड तेथेही चालू राहतात. परंतु करदात्याचा समावेश वाक्यात कर्ता म्हणून होऊ शकतो, एवढे त्यावरून सिद्ध होते.

६

यावर एक आक्षेप संभवतो. हप्त्यांची वाट ठळकपणे दाखविली तर भरू शकणारेही ती धरतील व वसुली मंदावेल. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु महिन्याला शेकडा एक, म्हणजे वर्षाला शेकडा बारा, हे व्याज चालूच राहत असल्यामुळे विलंबाची किंमत वसूल होतेच. आणि अर्जाची छाननी करण्याचा अधिकारही अबाधित राहतो. शिवाय येथे नवी सवलत मागितलेली नाही. जी तरतूद आहे ती सांगावी, एवढीच अपेक्षा आहे. जाणकार सल्लागार ती सांगतात, हे उत्तर पुरेसे नाही. कारण ज्याला कर भरण्यासाठी हप्ते हवे आहेत त्यालाच सल्लागाराचे शुल्कही जड जाते.

२०२५ च्या अधिनियमाची ख्याती सुलभीकरणासाठी आहे. आठशेंहून अधिक कलमांच्या जागी ५३६ कलमे आली, शब्दसंख्या सुमारे निम्म्यावर आली, 'मागील वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' या गोंधळात पाडणाऱ्या जोडीच्या जागी 'कर वर्ष' ही एकच संज्ञा आली. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. परंतु सुलभीकरणाचे मोजमाप केवळ शब्दसंख्येने करावयाचे नसते. शब्द कमी झाल्याने वाचन सोपे होते. जे सांगितलेच नाही ते त्यामुळे कळत नाही. मौन हे सर्वांत थोड्या शब्दांचे असते आणि सर्वांत दुर्बोधही असते.

मागणीच्या सूचनेत एका वाक्याची भर पडली तरी काम होईल. तिचे मराठी रूप असे असावे, असे सुचवितो :

'ही रक्कम आपणांस मान्य असून ती एकदम भरणे शक्य नसल्यास, वरील मुदत संपण्यापूर्वी आपण अडचणीचे कारण लिहून व कागदपत्रे जोडून मुदतवाढीसाठी किंवा हप्त्यांसाठी अर्ज करू शकता. हप्ते मंजूर झाले तरी उरलेल्या रकमेवर व्याज चालू राहील, आणि एक हप्ता चुकल्यास उरलेली सर्व रक्कम त्याच दिवसापासून देय समजली जाईल.'

या वाक्यात कायद्याबाहेरचे काहीही नाही. त्यात 'आपण' हा कर्ता आहे, 'करू शकता' हे क्रियापद त्याचे आहे, आणि पुढील धोकाही लपविलेला नाही. त्याचबरोबर, मंजूर हप्ते वेळेवर भरणाऱ्याचा उल्लेख मराठी कागदपत्रांत 'थकबाकीदार' असाच करावा. 'कसूरदार' हा शब्द ज्याने भरता येत असून भरले नाही त्याच्यासाठी राखून ठेवावा. हा भेद मराठी भाषेने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला आहे. शासनाच्या मराठीने तो गमावण्याचे कारण नाही.